डावीकडचा श्वास

मोहिनी बर्गेची निवड चौदा सेकंदांनी हुकली.

आशियाई स्पर्धेला जाणाऱ्या भारतीय संघात यायचं, तर पस्तीस ते एकोणचाळीस वयोगटातल्या महिलांनी शर्यत एक तास, अकरा मिनिटं, तीस सेकंदांच्या आत संपवायला हवी होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पुण्याजवळच्या प्रदर्शन केंद्रात मोहिनीने शेवटची रेषा ओलांडली, तेव्हा फलकावर एक, अकरा, चव्वेचाळीस हे आकडे होते. दुसरी आणि अखेरची संधी एप्रिलच्या मध्यावर होती. त्यानंतरची निवड चार वर्षांनी, आणि मोहिनी आताच सदतीस वर्षांची होती.

हायब्रिड फिटनेस शर्यतीचा आराखडा साधा असतो. एक किलोमीटर धावायचं, मग एक अंगमेहनतीचं काम करायचं. असं आठ वेळा. वजनं लादलेली स्लेड, म्हणजे बिनचाकी घसरगाडी, ढकलायची, तीच दोराने ओढायची, रोइंग यंत्रावर हजार मीटर वल्हवायचं, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघे टेकवत पुढे जायचं. अगदी शेवटी जड चेंडू शंभर वेळा भिंतीवरच्या खुणेपर्यंत फेकायचा. नुसता धावणारा माणूस स्लेडपाशी अडतो आणि नुसता ताकदवान धावण्यात मागे पडतो.

मोहिनी कुठेच अडत नव्हती. ती कोरेगावात वीज कंपनीत वायरमन होती. तारांवरचा बिघाड आता ड्रोन शोधून देत असे, पण ज्या खांबापर्यंत शिडीची गाडी पोहोचत नाही, तिथे माणसालाच चढावं लागे. तालुक्यात अशा कामाचा पहिला फोन तिला जाई. स्लेड ढकलण्यात ती त्या रविवारी सगळ्यांच्या पुढे होती. चेंडूफेकीत तिसरी होती.

मग सेकंद गेले कुठे?

हा प्रश्न घेऊन ती आठ दिवसांनी, संघाची निवड करणाऱ्या संघटनेच्या पुण्यातल्या विश्लेषण कक्षात बसली. शेजारी तिच्या सासूबाई होत्या. शालन बर्गे, वय एकसष्ट, तीस वर्षं अंगणवाडी सेविका, आता निवृत्त. मोहिनीचा नवरा लष्करात, वर्षातले दहा महिने सीमेवर. घरात या दोघीच. मोहिनी त्यांना आत्या म्हणत असे.

समोर कक्षातली विश्लेषक, तबस्सुम मुजावर. मूळची मिरजेची, तिशीच्या आतली, आणि एक आकडा दोनदा तपासल्याशिवाय न बोलणारी.

शर्यतीत प्रत्येकीच्या अंगावर कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. छातीवरची पट्टी हृदयाचे ठोके मोजते, आणि तिच्या दोन कडांना बसवलेले दोन माइक आजूबाजूचा आवाज टिपतात. मांडीवरची पट्टी स्नायूत किती प्राणवायू उरलाय ते सांगते. मानेवरची पट्टी सर्वांत नवी. मेंदूकडून स्नायूंना जो हुकूम जातो, त्याचा जोर ती मोजते.

“पूर्वी लोकांना वाटायचं की स्नायूंतली ताकद संपली की माणूस थकतो,” तबस्सुम म्हणाली. “तसं नसतं. ताकद बरीच शिल्लक असतानाच मेंदू हुकूम कमी करतो. पुढे इजा होऊ नये म्हणून.”

“ट्रान्सफॉर्मर जळायच्या आधी फ्यूज जातो, तसं,” मोहिनी म्हणाली.

“अगदी तसं. तुमचा फ्यूज लवकर जातो, मोहिनीताई. पण नेहमी नाही.” तिने पडद्यावर आठ धावा एकाखाली एक मांडल्या. “तिसरी, पाचवी आणि सातवी धाव. या तिन्हींत मिळून एकतीस सेकंद गेलेत. मांडीत प्राणवायू भरपूर आहे, ठोके आटोक्यात आहेत, आणि हुकूम मात्र एकदम उतरलाय. बाकीच्या पाच धावांत असं काहीच नाही.”

“सकाळी नीट खाल्लं नव्हतं हिनं,” शालन म्हणाल्या. “दोन इडल्या. त्यावर माणूस धावतंय व्हय?”

“खाण्याचं असतं तर आठही धावांत दिसलं असतं, काकू. मी झोप पाहिली, पाणी पाहिलं, आदल्या कामाचा थकवा पाहिला. काही जुळेना. शेवटी आवाज ऐकला.”

तिने ध्वनिमुद्रण लावलं. बुटांचे आवाज, लांबून गाणं, निवेदकाची बडबड. मग जवळून, डावीकडच्या माइकमध्ये, कुणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज. त्याच क्षणी पडद्यावरची मानेची रेघ खाली घसरली.

“कोण ही म्हैस?” शालन म्हणाल्या.

“तिन्ही वेळा वेगळ्या स्पर्धक आहेत. नियम असा, की मागून येणारीने डावीकडून पुढे जायचं. ज्या तीन धावांत कुणीतरी डावीकडे धापा टाकत आलं, त्याच तीन धावांत मोहिनीताई हळू झाल्या.” तबस्सुमने आवाज बंद केला. “तुम्ही सराव कुणाबरोबर करता?”

मोहिनीने सासूबाईंकडे पाहिलं.

“माझ्याबरोबर,” शालन म्हणाल्या. “रोज सकाळी, कालव्याच्या रस्त्याला. आधी माझ्याबरोबर पाच किलोमीटर, मंग तिचं तिचं काय ते.”

“तुम्ही कुठल्या बाजूला असता?”

“डाव्या. जाताना कालवा उजवीकडं, पुलावरनं पल्याडच्या काठानं येतानाबी उजवीकडंच. हिला पोहायला येतं, मला न्हाई. लहानपणी विहिरीत पडले व्हते, तवापासनं पाण्याच्या कडंला जातच न्हाई मी.”

तबस्सुमने मान हलवली; उत्तराचा अंदाज तिला होताच. तिने बाकीची माहितीही आधीच मागवून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी शालनना हृदयविकाराचा झटका आला होता. दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण एका अटीवर: बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, बोलणं तुटायला लागलं की हळू व्हायचं. शालननी ही अट शब्दशः घेतली. बोलता येतंय की नाही हे कळायला बोलत राहायला हवं, म्हणून सहा वर्षं पाच किलोमीटर त्या अखंड बोलत आल्या होत्या. कुणाची सोयरीक मोडली, सोसायटीच्या निवडणुकीत कोण फुटलं, सगळं.

“आत्यांचा श्वास वाक्याच्या मधे तुटायला लागला की मी हळू व्हायची,” मोहिनी अखेर म्हणाली. “पहिलं वर्षभर मुद्दाम. नंतर... नंतर मला वाटलं तसं काही राहिलंच नाही.”

“कवा हळू व्हायचीस?” शालन तिच्याकडे वळल्या. “उलट तूच दमायचीस. मी थांबायचे तुझ्यासाठी. मी म्हणायचे न्हवं, उचल की पाय?”

उत्तर तबस्सुमने दिलं, कारण तिच्यासमोर आकडे होते. शालनच्या छातीवर डॉक्टरांनी दिलेली पट्टी होती आणि मोहिनीच्या मनगटावर घड्याळ. दोन्हींच्या दोन वर्षांच्या नोंदी तिने शेजारी शेजारी लावल्या होत्या. मोहिनी दोनशे बारा वेळा हळू झाली होती. त्यांपैकी एकशे नव्वद वेळा, सरासरी अकरा सेकंदांनी, शालनचे ठोके मर्यादेच्या वर गेले होते. आणि वेग आधीच उतरलेला असल्यामुळे लगेच खाली आले होते.

“म्हणजे पट्टी बोंबलायच्या आधी अकरा सेकंद हिला कळत होतं,” शालन सावकाश म्हणाल्या.

“हो, काकू. त्यांना स्वतःला कळत नव्हतं. त्यांच्या कानाला कळत होतं.”

संघटनेकडे यावर उपाय होता. बारा बैठका. पळण्याच्या यंत्रावर धावायचं, कानात धापा टाकण्याचा आवाज, आणि त्याच वेळी डोक्याच्या ठरावीक भागावर अगदी सौम्य विद्युतप्रवाह. आवाज आणि वेग यांची मेंदूने घातलेली गाठ सुटत जाते. दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत ती कायमची सुटते. कक्षात या प्रकाराला पुसणी म्हणत.

“एक गोष्ट सांगायला हवी,” तबस्सुम म्हणाली. “पुसणी निवड करत नाही. कुणाचा श्वास ठेवायचा आणि कुणाचा पुसायचा, हे तिला सांगता येत नाही.”

“पुसा,” शालन म्हणाल्या. “आजच पुसा. कुठं सही करायची?”

“सही मोहिनीताईंची लागते.”

“मी विचार करून सांगते,” मोहिनी म्हणाली.

परतीच्या एसटीत शालन खिडकीशी बसल्या आणि कोरेगाव येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मोहिनीने दोनदा पाण्याची बाटली पुढे केली. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिनी बूट घालून अंगणात आली, तर शालन निघून गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, “हितनं पुढं मी येगळी जाणार. तू तुझं बघ. माझ्यापायी तुझं लई नुकसान झालं.”

“नुकसान कसलं, आत्या?”

“एकतीस सेकंद. त्या पोरीनं मोजून दाखवलं.”

शालनना राग आला होता, पण तो सुनेवर नव्हता. सहा वर्षं आपण हिला पळवतोय अशी त्यांची समजूत होती. गावात त्या तसं सांगतही होत्या. आता कळलं होतं, की ही आपल्याला सांभाळत होती. आणि सांभाळून घेतल्याचं ओझं कसं उचलायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांची वजनं घेतली होती, खिचडी शिजवली होती. कुणाचं घ्यायची सवय नव्हती.

त्या दोन सकाळी मोहिनी एकटीच पळाली. किलोमीटरमागे तिची वेळ चार सेकंदांनी सुधारली. तबस्सुमने फोनवर अभिनंदन केलं आणि विचारलं, “पुसणीचं काय ठरलं?”

“अजून ठरलं नाही.”

चौथ्या दिवसापासून तिने स्वतःचा सराव सोडला. शालनच्या मागे, पंधरा-वीस पावलांवर, बाभळींच्या आडून ती त्यांच्याच वेगाने येऊ लागली. आत्या आता एकट्या पळत होत्या, आणि एकटीने बोलायचं कुणाशी म्हणून फलटणच्या बहिणीला फोन लावत होत्या. बहीण फोन उचलायची तोवर त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेल्या असायच्या. नवव्या दिवशी मोरीच्या कठड्यापाशी त्या थांबल्या, वाकल्या, आणि छातीवरची पट्टी वाजायच्या आधीच मोहिनीचा हात त्यांच्या पाठीवर होता.

धापा टाकतच शालननी विचारलं, “कवापासनं मागं येतीस?”

“चौथ्या दिवसापासनं.”

“आणि तुझा सराव?”

“राहिला.”

“येडी हायेस का तू? शर्यत सहा आठवड्यांवर आलीय. जिंकायचं न्हाई तुला?”

“जिंकायचंय.”

“मंग पुसून टाक की ते.”

“पुसलं तर आत्ता तुमच्या पाठीवर हात कुणाचा असता?”

“पट्टी हाय छातीला.”

“ती आत्ता वाजतीय,” मोहिनी म्हणाली. खरंच, ती आत्ता वाजू लागली होती.

शालननी पट्टीवर एक चापट मारली. मोहिनी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसली.

“माझी नोकरीची ऑर्डर आली तेव्हा घरात बाकी सगळ्यांनी नको म्हटलं होतं,” ती म्हणाली. “बाईमाणूस खांबावर चढणार म्हणून. पहिल्या दिवशी बघायला किती बाप्ये जमले होते. तुम्हीच हाकललं त्यांना. ‘तुमच्या घरात उजेड हिच्यामुळं येणार हाय, निघा,’ म्हणालात. माझ्या अंगावर काटा आला होता वरती. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.”

“मंग आता कशाला बोलतीस?”

“तुम्ही सेकंद मोजायला लागलात म्हणून.”

त्या सकाळी मोहिनीने तबस्सुमला कळवलं: पुसणी नको. दुसरं काही असेल तर सांगा.

दुसरं काही होतं, पण ते संघटनेच्या पुस्तिकेत नव्हतं. तबस्सुमने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, “गाठ सोडायची नसेल, तर नेमकी करता येईल. सध्या तुमचा कान डावीकडची कुठलीही धाप ऐकली की वेग उतरवतो. त्याला फरक शिकवू. नुसत्या दमलेल्या माणसाचा श्वास वेगळा असतो, मधेच अडकणारा वेगळा. डावीकडून रोज वेगवेगळ्या बायका धापा टाकत पळू देत, आणि त्याच वेळी काकू सुखरूप आहेत हे तुमच्या मेंदूला कळत राहायला हवं. पण सहा आठवड्यांत पूर्ण होणार नाही. एकतीसपैकी पंधरा-सोळा सेकंद वाचतील.”

“मला चौदा पाहिजेत.”

“म्हणूनच हो म्हणतेय.”

डावीकडे पळायला तालुक्याच्या कबड्डी संघातल्या आठ बायका तयार झाल्या. त्यांतल्या दोघी शालनच्या अंगणवाडीत वाढलेल्या. त्यांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पण डावी बाजू त्यांना दिली, तर शालननी कुठे पळायचं? त्यांचा आवाज मोहिनीला ऐकू यायला हवा होता. रस्ता तिघींपुरताच रुंद. उरली उजवी बाजू.

पहिल्या सकाळी शालन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. कालवा भरून वाहत होता.

“आत्या, तुम्ही पुलावर बसून बोला,” मोहिनी म्हणाली. “स्पीकर लावू.”

“गप बस,” शालन म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, मोहिनीच्या मागून वळसा घेतला आणि पाण्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मोहिनीचं मनगट घट्ट धरलं. “मी त्या कालव्याकडं बघणार न्हाई. तू बी मला बघायला सांगू नगंस. चला.”

पहिला आठवडा त्यांनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नुसतं बोट धरलं. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि सांगण्यासारखं इतकं होतं, की त्या धरायचंच विसरल्या. डावीकडे कबड्डीवाल्या धापा टाकत होत्या. मानेवरच्या पट्टीची रेघ रोज थोडी थोडी सरळ होत गेली.

एप्रिलच्या शर्यतीत पहिल्या सहा धावा ठरल्याप्रमाणे झाल्या. तीन वेळा कुणीतरी डावीकडून पुढे गेलं. दोन वेळा मोहिनीचा वेग जराही उतरला नाही, एकदा किंचित. सातव्या धावेला निघताना ती ठरवलेल्या वेळेच्या पाच सेकंद मागे होती. ते भरून काढता येणार होते.

धावेच्या अर्ध्यावर डावीकडून दीक्षा मेश्राम पुढे सरकली. भंडाऱ्याची पोलीस हवालदार, वय अडतीस, याच वयोगटातली. दोघी खांद्याला खांदा लावून धावू लागल्या. मोहिनी हळू झाली. पुढे जायला जागा होती, तरी दीक्षा तिच्या पुढे गेली नाही. तीही हळू होत होती. मग तिचा पाय भलतीकडे पडला. मोहिनीने वळून दोन्ही हातांनी तिला काखेत धरलं आणि डोकं सिमेंटवर आपटायच्या आत खाली निजवलं.

“डॉक्टर! इकडं या, लवकर!”

वैद्यकीय पथक चोवीस सेकंदांत आलं. हृदयाची लय बिघडली होती. जागेवरच झटक्याचं यंत्र लावलं, आणि मिनिटभरात दीक्षाने डोळे उघडले. तोवर पंचांनी मोहिनीला खुणेने पुढे पाठवलं होतं.

तिने शर्यत संपवली तेव्हा फलकावर एक, अकरा, अठ्ठावन्न होते.

मदतीत गेलेला वेळ स्पर्धकाला परत मिळतो, असा नियम आहे. चोवीस सेकंद वजा केल्यावर राहिले एक, अकरा, चौतीस. चार सेकंद जास्त.

“थांबायच्या आधी अकरा सेकंद त्या हळू झाल्या होत्या,” तबस्सुमने पंचांना सांगितलं. “त्यात सहा सेकंद गेलेत. तेही मदतीतच धरायला हवेत.”

मुख्य पंच निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “सातव्या धावेत सगळेच हळू होतात. ही थकली असेल. शेजारची पडणार हे अकरा सेकंद आधी हिला कळलं, याला आधार काय?”

आधार एकच होता. दीक्षाच्या छातीवरची पट्टी. तिची लय नेमकी कोणत्या सेकंदाला बिघडू लागली, ते त्यात लिहिलेलं होतं. पण ती नोंद दीक्षाच्या परवानगीशिवाय उघडता येत नव्हती.

उपचार खोलीत दीक्षा खाटेवर पडून होती. मोहिनी निकालासाठी अडकल्यापासून शालन तिथेच तिच्या उशाशी बसल्या होत्या. तबस्सुमने काय हवंय ते सांगितलं आणि हेही सांगितलं, की निकालाबरोबर ती नोंद जाहीर होईल.

“आमच्या खात्यातबी पोहोचन मग?” दीक्षाने विचारलं.

“लपवता येणार नाही.”

“हृदयाचं आहे म्हटल्यावर मले ऑफिसात बसवतीन. फिल्डची ड्यूटी गेली.” तिने तबस्सुमकडे मान वळवली. “किती सेकंदाचा सवाल हाये?”

“सहा.”

“राहू दे गं पोरी,” शालन तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या. “तुझी भाकरी हाय ती. आमचं काय, हौसेचा खेळ.”

दीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. “आणा ते यंत्र. अंगठा कुठं लावू? तिनं धरलं नसतं, तं ड्यूटी कुठली अन् फिल्ड कुठलं.”

नोंद उघडली. दीक्षाच्या ठोक्यांतली पहिली गडबड आणि मोहिनीच्या वेगातली उतरण यांत दोन सेकंदांचं अंतर होतं. उतरण आधीची होती. तबस्सुमने त्याच्या शेजारी कालव्याच्या रस्त्यावरच्या दोनशे बारा नोंदी ठेवल्या. फेब्रुवारीत हाच आलेख तिने दोष म्हणून दाखवला होता, हेही तिने स्वतःहून सांगितलं.

मुख्य पंचांनी सगळं दोनदा पाहिलं. मग मोहिनीला बोलावलं.

“तुम्हाला त्या वेळी काय ऐकू आलं?”

मोहिनीला खोटं बोलता आलं असतं. “काहीच नाही,” ती म्हणाली. “मी हळू झाले, हेच मला कळलं नव्हतं. ती पडायला लागली तेव्हा मी बघितलं.”

“मग अडचण आहे. ठरवून केली नाही, ती मदत कशी म्हणायची?”

मोहिनीच्या हाताला अजून पकडीसाठी लावलेली मॅग्नेशियाची पांढरी पूड होती. ती तिने चड्डीला पुसली.

“मॅडम, सहा वर्षं मी सासूबाईंसाठी अशीच हळू होत आले. मला माहीत नव्हतं, त्यांना तर नव्हतंच. आत्ता त्या पलीकडच्या खोलीत बसल्यात. ही मदत धरायची का नाही, ते तुम्ही ठरवा. पण मी हळू झाले नसते, तर दीक्षाताई पडल्या तेव्हा मी वीस पावलं पुढं असते.”

तिन्ही पंच आत गेले. पावणेसहा वाजता निकाल आला. सहा सेकंद मान्य. अधिकृत वेळ एक तास, अकरा मिनिटं, अठ्ठावीस सेकंद. मोहिनी बर्गे, संघात.

तबस्सुमने तिला मिठी मारली आणि लगेच डोळे पुसत आकडा तिसऱ्यांदा तपासला.

मोहिनी धावतच उपचार खोलीकडे गेली, पण खाट रिकामी होती. दीक्षाला रुग्णवाहिकेत चढवत होते. तिच्या घरचे भंडाऱ्याहून निघाले होते. पोहोचायला सकाळ होणार होती. शालन एक पाय रुग्णवाहिकेच्या पायरीवर ठेवून उभ्या होत्या. बरोबरच्या परिचारकाने फॉर्म पुढे धरला होता.

“आत्या, झालं,” मोहिनी लांबूनच म्हणाली. “सहाही दिले.”

शालननी नुसती मान डोलावली. “तू जा घरी. उद्या तुझी ड्यूटी हाय. हिचं माणूस येईपर्यंत मी बसते हिच्यापाशी.”

“आजी, असं कुणालाही नेता येत नाही,” परिचारक म्हणाला. “इथं नातं लिहावं लागतं. तुम्ही पेशंटच्या कोण?”

शालन आत चढल्या, बाकावर बसल्या आणि दीक्षाचा हात हातात घेतला.

“हिनं आमच्या सुनंला सहा सेकंद दिल्यात,” त्या म्हणाल्या. “आता कोण लिवायचं, ते तूच ठरव.”